रेडिएटरात टाकलेली हळद

माझे सासरे ड्रायव्हर होते, असं सांगितलं की हल्लीचे लोक मान डोलावतात आणि पुढच्या विषयाला जातात. त्यांचंही बरोबर आहे, आता दारोदारी गाड्या झाल्या. पण मी सांगतोय ते दुसरी लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली होती तेव्हाचं. बारामतीत खाजगी मोटारी किती, हे बाजारात बसलेला कुणीही बोटांवर मोजून सांगायचा. कुठली गाडी कुणाची, हे तर नुसत्या हॉर्नवरून कळायचं.

सासऱ्यांची गाडी लढाईच्या आधीची, काळी, विलायती. त्यांची म्हणजे ती मालकांची होती. पण गावात तिला तात्यांची गाडी असंच म्हणत, आणि तात्या म्हणजे माझे सासरे. मालक कालव्यावरचे मोठे ऊसवाले. त्यांच्या वडिलांनी गाडी आणली तेव्हा घरच्या बैलगाडीवरून सासऱ्यांना उचललं आणि हिच्यावर बसवलं. तेव्हापासून वीस वर्षं ते तिथंच होते. गाडीत चढण्याआधी ते चपला काढत, उजव्या हाताला सीटखाली सरकवत, आणि अनवाणी पायांनी गाडी चालवत. कुणी विचारलं तर म्हणत, तिला काय हुतंय ते पायाला आधी कळतं. मला हे ऐकून हसू यायचं. देवळात शिरल्यासारखे गाडीत शिरतात, असं मी बायकोला चिडवायचोसुद्धा.

मी हसणारच. मी पुण्याच्या लष्करी वर्कशॉपात चार वर्षं काढलेली. गोऱ्या फोरमनच्या शिव्या खाऊन काम शिकलो होतो, आणि परत येऊन एसटी स्टँडाच्या मागं चार पत्र्यांचं गॅरेज टाकलं होतं. वय सव्वीस. जगात असं इंजीन नाही जे आपल्याला कळत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. रागही नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकानं दोनदा तोच प्रश्न विचारला की मी पाना खाली टाकायचो.

त्या वर्षी पाडवा झाला आणि गाडी तापायला लागली. पहिल्यांदा मोरगावच्या रस्त्याला, मालकांचे पाहुणे गणपतीला निघालेले असताना. दुसऱ्यांदा गावातच, भर बाजाराच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या पाट्यांमधोमध. बॉनेटखालून वाफ उसळली आणि बायका टोपल्या टाकून पळाल्या. गाव चार दिवस हसत होतं. तिसऱ्यांदा तापली तेव्हा मालक स्वतः गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आले. सासरे बॉनेटपाशी उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

मी गाडी तपासली. फॅनबेल्ट पाहिला, रेडिएटरमधलं पाणी पाहिलं, इंजीन चालू ठेवून पाहिलं. बॉनेट उघडं, गाडी जागेवर उभी, संध्याकाळचा वारा. गाडी कशाला तापतेय? अर्ध्या तासात मी हात पुसले आणि म्हणालो, "गाडीत काय न्हाय आबा. चालवनाऱ्यानं जरा बघून चालवावी."

आबा म्हणजे मालक. त्यांनी वळून सासऱ्यांकडं पाहिलं. वीस वर्षांच्या ड्रायव्हरला काल आलेल्या पोरानं चालवायला शिकवायचं, आणि तेही चार गिऱ्हाइकांदेखत. सासऱ्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मी जावई होतो ना! आमच्याकडं लेक दिलेल्या घरच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. जावई पाटावर उलटा बसला तर पाटच फिरवून घेतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच जीभ इतकी सैल सुटली असावी.

"तात्या," मालक म्हणाले, "आता एकदा का गाडी रस्त्यात हुबी राहिली, की किल्ली आनून द्यायची. माझं हसं झालंय गावात."

"व्हय आबा," सासरे म्हणाले.

त्या दोन शब्दांत काय होतं ते मला माहीत होतं. वडिलोपार्जित जमीन धाकटा भाऊ कसत होता आणि नांगराला हात लावून सासऱ्यांना वीस वर्षं झाली होती. गाडी गेली की भावाच्या बांधावर बसायचं आणि भावजयीनं वाढलं ते खायचं. गावात ज्याला बघून पोरं रस्ता सोडत, तो माणूस रस्ता सोडून उभा राहणार होता.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो. गाडीत काही नाही हे मी खोटं बोललो, असं तेव्हा मला वाटत नव्हतं. पण शंका आलीच नव्हती असंही म्हणवत नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी रेडिएटर गळत होता, म्हणून मला मालकांच्या वाड्यावर बोलावलं होतं. गळती बारीक होती, पण रेडिएटर उतरवून भोकावर कथलाचा डाख द्यायचा म्हणजे सगळी सकाळ गेली असती. आणि मला नीरेला पळायचं होतं. तिथं एका ठेकेदाराचा ट्रक बंद पडला होता. तो दुरुस्त केला की त्याच्या सगळ्या ट्रकांचं काम मला मिळणार, असं कुणीतरी कानात सांगितलं होतं.

तेव्हा ड्रायव्हर लोकांची एक युक्ती होती. वाटेत रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. ती फुगून बसते, भोक बुजतं, आणि गाडी कशीबशी मुक्कामाला पोचते. वर्कशॉपात कुणी असं केलं असतं तर फोरमननं कातडं सोलून काढलं असतं. मी मात्र शेजारीच असलेल्या सासुरवाडीत गेलो, सासूबाईंकडं हळद मागितली, आणि त्यांनी जावयाला म्हणून वाटी शिगोशीग भरून दिली. ती सगळी मी ओतली. मालक जेवून बाहेर आले तेव्हा गळती थांबलेली होती. "डाख दिलाय आबा," असं सांगून मी नीरेची गाडी गाठली.

मे महिन्यात मालकांची इंदापूरच्या कचेरीत तारीख लागली. दुपारी एकच्या आत मामलेदारासमोर हजर राहायचं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला निरोप धाडला, गाडीत तू पुढं बस आणि तात्याचं काय चुकतं ते बघ. म्हणजे सासऱ्यांच्या शेजारी बसून मी त्यांची परीक्षा घ्यायची. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला मोठेपण वाटलं.

नऊला निघालो. सासऱ्यांनी चपला सीटखाली सरकवल्या, टोपी नीट केली, गाडी काढली. मालक मागं, मांडीवर कागदांचं बाड. गाडीचा तापमानाचा काटा लढाईतच कधीतरी मेला होता, त्यामुळं इंजिनाची खबर नाकानं आणि कानानं घ्यायची. सणसरपर्यंत मी सासऱ्यांचे पाय बघत होतो. ते पाय क्लचवर एक क्षण जास्त टेकत नव्हते. गिअर असे पडत होते की मागं मालकांना डुलकी लागली. मी फोरमनच्या हाताखाली चार वर्षं काढली, पण इतकं हलकं चालवणारा माणूस पाहिला नव्हता. दोष काढायला म्हणून बसलो होतो आणि काढायला काही सापडेना, म्हणून मी चिडत चाललो होतो.

लासुर्ण्याच्या पुढं सासऱ्यांनी मान जरा वाकडी केली.

"तापतीय," ते हळूच म्हणाले. मागं ऐकू जाऊ नये म्हणून.

मला काहीच जाणवत नव्हतं. दोन मैल गेल्यावर वास आला. रंग तापल्याचा, गरम लोखंडाचा. सासऱ्यांनी गाडी सावकाश केली, उतारावर इंजीन बंद करून नुसती घरंगळू दिली. त्यांच्या मानेवरून घाम सदऱ्यात उतरत होता. रस्त्याला एक झाड नाही, वर ऊन नुसतं ओततंय. मी मनात म्हणत होतो, निमगावपर्यंत तरी चल बाई. त्या माणसाचं काहीही चुकत नाही हे मला आता दिसत होतं.

निमगाव केतकीच्या अलीकडं पानमळ्यांची हिरवी रेघ दिसली आणि तिथंच वाफ सुटली. सासऱ्यांनी गाडी गावाच्या तोंडाशी, चहाच्या हॉटेलापुढं आणून उभी केली. मालक जागे झाले, घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते. ते उतरले आणि हॉटेलाच्या बाकावर जाऊन बसले.

सासरे पाण्याची कॅनव्हासची पिशवी सोडायला गेले. मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्याजवळ हात नेववत नव्हता, आतलं पाणी खदखदताना ऐकू येत होतं. सवयीनं मी रेडिएटरला उलटा हात लावला आणि हात तिथंच राहिला. रेडिएटर गार होता. अगदी गार नाही, कोमट. सकाळी ठेवलेल्या अंघोळीच्या पाण्याइतका. वरचा रबरी पाईप दाबून पाहिला, तोही तसाच. इंजीन उकळतंय आणि रेडिएटरला त्याचा पत्ताच नाही! म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडं जातच नव्हतं. मधे दार बंद होतं.

ते दार म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनाच्या डोक्यावर, पाईपाच्या तोंडाशी बसवलेली पितळेची एक डबी. पाणी गार असलं की ती मिटलेली राहते, पाणी तापलं की आपोआप उघडते आणि त्याला रेडिएटरकडं जाऊ देते. आमच्या भागात कितीतरी ड्रायव्हरांना अशी काही वस्तू गाडीत असते हेच ठाऊक नव्हतं. मला होतं.

"आबा, सापडलं!" मी ओरडलो. "मामांचा दोष न्हाय. थर्मोस्टॅट अडकलाय!"

मामा म्हणजे सासरे. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला होता. इंजीन जरा निवल्यावर मी नट सोडले, झाकण उचललं, डबी बोटानं ओढून काढली, आणि माझ्या बोटांना पिवळा चिखल लागला.

मी तो झटकन पँटला पुसला. डबीच्या घड्यांमध्ये तो गच्च बसला होता, वाळून विटेसारखा झालेला. दार बंद का होतं ते कळलं, आणि ते कुणी बंद केलं तेही. सासरे पिशवी घेऊन शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या पँटवरचा डाग पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. नजर वळवून ते रेडिएटरात पाणी ओतू लागले.

"ही खराब झालीय, फेकून देतो," मी मालकांना म्हणालो. "हिच्याबिगर गाडी चालंल. उनाळ्यात तिची गरज न्हाय."

"फेकू नको," मालक म्हणाले. "परवा म्हनालास गाडीत काय न्हाय, आज म्हनतोस डबी खराब. मला दाव कशी खराब हाय ती."

दाखवायची रीत एकच. पाण्यात टाकायची आणि पाणी उकळायचं. चांगली असेल तर उघडते, बिघडलेली असेल तर नाही. हॉटेलवाला आधी अंगावर आला, माझी भांडी बाटवता व्हय म्हणाला. मग मालकांकडं बघून त्यानं कान तुटलेलं एक जर्मनचं पातेलं चुलीवर ठेवलं. मी डबीला सुतळी बांधली आणि ती पाण्यात सोडली. पानमळ्यातले चार-पाच गडी टोपल्या उतरवून बघायला उभे राहिले. मोटारीचं सामान शिजतंय, अशी मजा रोज कुठं मिळते!

मी सुतळी धरून चुलीपाशी उकिडवा बसलो होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, नुसती न उघडता राहा, दुसरं काही करू नकोस. पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरले. पाणी हललं. मग डबीच्या खालून एक पिवळा धागा निघाला, वर आला आणि पसरला. त्याच्यामागून दुसरा. उकळी फुटली तेव्हा सगळं पातेलं पिवळं झालं होतं, डबी मिटलेलीच होती, आणि वास सुटला. तो वास ओळखायला कुणाला मेकॅनिक व्हावं लागत नाही.

"हळद हाय की ही!" हॉटेलवाला म्हणाला.

मालक उठून आले. पातेल्यात वाकून पाहिलं. "हळद? गाडीत हळद कुनी घातली?"

मी डाख दिलाय, असंच मालक धरून चालले होते. ज्यानं डाख दिला तो हळद कशाला टाकेल? त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ सासऱ्यांकडं वळले, आणि मला तोंड उघडायला वेळ होता. चांगला वेळ होता. मी सुतळीकडं बघत राहिलो.

"म्या टाकली," सासरे म्हणाले. "गळत हुती जरा. चुकलं आबा."

"जुनी खोड!" मालक कडाडले. "इलायती गाडीत हळद घालतोस, ती खडखडीत बंद पाडतोस, आन् गावात माझं हसं करतोस! किल्ली दे."

सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. धोतराच्या सोग्याला पुसली, दोन्ही बाजूंनी. आणि मालकांच्या हातात न देता बाकावर ठेवली.

तिथं मात्र मला राहवलं नाही. "आबा, हळद म्या टाकलीया," मी म्हणालो. "डाख दिलाच नव्हता. नीरंला जायची घाई हुती मला."

मालक माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा राग उतरला, चेहरा मऊ झाला, आणि ते गड्यांकडं वळून म्हणाले, "बघा. जावई असावा तर असा."

गड्यांनी माना डोलावल्या. हॉटेलवाला तर मला कौतुकानं चहा देऊ लागला.

"आबा, शपथ घेतो! बघा की, रेडिएटरला डाख हाय का कुठं!"

मालक खरंच गेले आणि वाकून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात डाख होता. दोन वर्षांपूर्वी मीच दिलेला, आणि चांगला दिलेला. "आन् ह्यो काय मग?" ते म्हणाले. मी तो जुना आहे म्हणून ओरडलो, सासऱ्यांचा दंड धरून "मामा, सांगा की खरं!" म्हणालो. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरं आता. सासऱ्यासाठी खोटं बोलतोयस, त्याचं पाप लागत न्हाय."

माझं खोटं त्यांनी एका झटक्यात खरं मानलं होतं, आणि आता खरं बोलत होतो तर त्याचं पुण्य माझ्या नावावर लागत होतं. इतका संताप मला जन्मात आला नव्हता, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

सासऱ्यांनी माझा हात सोडवला. "जावईबापू," ते म्हणाले, "येळ झाला. आबांची तारीख हाय."

मी हॉटेलवाल्याकडून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेतला, पाणी गळू नये म्हणून ग्रीस लावून झाकणाखाली बसवला, नट आवळले. डबी नव्हतीच आता. मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. तात्या, तू माझ्याशेजारी बस."

सासरे वीस वर्षांत त्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. ते दाराशी घुटमळले. मग पुढं वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखालून आपल्या चपला काढल्या. त्या कुठं ठेवायच्या ते त्यांना कळेना. पायात घालून त्या सीटपुढं बसवेना, खाली ठेवाव्यात तर मालकांचे पाय. शेवटी मांडीवर घेऊन बसले. समोरच्या आरशात मला त्या दिसत होत्या.

इंदापूरला बाराच्या आत पोचलो. गाडी एकदाही तापली नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुतात, कपडे करतात. मी जाणार नाही म्हणून घरात आदळआपट केली. बायकोला खरं सांगितलं होतं; ती म्हणाली, "न्हाय गेलात तर त्यांनी केलं ते वाया जाईल." म्हणून गेलो. सासरे तोवर भावाच्या शेतावर जायला लागले होते. हातांना नवे घट्टे पडलेले. त्यांनी मला पाटावर बसवलं, समोर परात ठेवली आणि माझ्या पायांवर तांब्यातलं पाणी ओतलं. मी पाय मागं ओढला, तर त्यांनी घोटा धरून ठेवला.

"का केलं मामा असं?" मी विचारलं. सासूबाई आत होत्या, आम्ही दोघंच.

"माजी गाडी गेली," ते म्हणाले. "तुमचं ग्यारेज गेलं असतं तर लेकीनं काय करायचं?" आणि पाय पुसायला पंचा घेतला. राग नव्हता, उपकारही नव्हते. हिशेब त्यांनी त्या चुलीपाशीच मिटवला होता.

मग थोड्या वेळानं म्हणाले, "आता तापत न्हाय ना ती?"

"न्हाय मामा."

"नवा ड्रायव्हर कसा हाय?"

"बरा हाय."

"चपला घालून चालवतो?"

"व्हय."

त्यांनी माझं दुसरं पाऊल पंचात घेतलं. "काढून बस म्हनावं त्याला," ते म्हणाले. "पायाला आधी कळतं."